गटाराकाठचे ढीग : आद्य संस्कृतीचा इतिहास आणि आपला प्रश्न

आंबेडकरी चळवळीतील अभ्यासवर्गाचा पहिला धडा बहुधा माणसाच्या आरंभाचा असतो. दगडी हत्यारे, अग्नी, शेती, मग सिंधूकाठची नगरे, मग आर्य आणि मग चातुर्वर्ण्य. दोन तासांत दहा हजार वर्षे संपतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या कारखान्यांच्या आणि झोपड्यांच्या पट्ट्यातही हे वर्ग असेच चालत आले आहेत. वर्ग संपला की एक प्रश्न ठरलेला असतो : 'मग आपण मूळचे कोण?' प्रश्न स्वाभाविक आहे. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या जातीचे नाव घेऊन हिणवले गेले, त्याला आपल्या खापरपणजोबाचे खरे नाव शोधावेसे वाटणारच. परंतु या एका प्रश्नापायी आद्य इतिहासाचे आपले सगळे वाचन वंशाच्या शोधात अडकून पडले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्यांचा फोटो भिंतीला लावून आपण वर्ग सुरू करतो, त्या बाबासाहेबांनी याच विषयावर लिहिताना विचारलेला कळीचा प्रश्न वेगळा होता. तो कोणता, आणि जमिनीतून निघालेला पुरावा त्याच्याशी कसा भिडतो, हे येथे तपासावयाचे आहे.

आरंभ आपल्या वाचनापासूनच करू. कार्यकर्त्यांच्या दोन पिढ्यांना प्रागितिहासाची गोडी लावली ती राहुल सांकृत्यायन यांच्या 'व्होल्गा ते गंगा'ने. हजारीबागच्या तुरुंगात १९४२ साली लिहिलेल्या या वीस कथा. पहिली कथा इसवी सनापूर्वी ६००० च्या सुमाराची, व्होल्गाकाठच्या बर्फातली. तिथे टोळीची नायिका निशा ही आई आहे आणि बाप कोण याला महत्त्व नाही. स्त्रीची सत्ता होती, खाजगी मालमत्ता नव्हती, देव नव्हता, हे एंगल्सच्या ग्रंथातून जे रुक्षपणे कळते ते राहुलजींनी माणसांच्या तोंडून बोलते केले. हे त्यांचे मोठे ऋण आहे आणि ते मान्य करूनच पुढे जावे लागते. पण कथांचा प्रवास पाहा. व्होल्गावरून निघालेला घोडेस्वार मध्य आशियातून स्वातच्या खोऱ्यात उतरतो आणि आपण त्याच्या पाठीवर बसून भारतात येतो. सिंधू खोऱ्यातील नगरवासी या कथांत येतात ते 'असुर' म्हणून, आलेल्याच्या डोळ्यांनी पाहिलेले. त्यांचे वैभव दिसते, त्यांची गुलामीही दिसते; मात्र त्यांच्या घरातून बाहेर पाहणारी नजर पुस्तकात नाही. आर्यांचा टीकाकार असलेला लेखकसुद्धा कथा सांगताना आर्यांच्या तांड्यातच चालत राहिला. इतिहासकथेत कोण पापी आणि कोण पुण्यवान हे पुष्कळदा दुय्यम असते. कथा कुणाच्या पायाने चालते, हे आधी पाहावे.

उल्हासनगरात मोहेंजोदडोचा विषय निघाला की तो पुस्तकातला राहत नाही. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणची लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे आणून ठेवलेले सिंधी निर्वासित, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून झालेले नगर, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. या निर्वासितांपैकी कित्येकांची गावे लारकाना जिल्ह्यातली, म्हणजे ज्या जिल्ह्यात मोहेंजोदडो आहे तिथली. त्यामुळे पाच हजार वर्षांच्या संस्कृतीचा वारसा हा या शहरात अभिमानाचा विषय आहे. घरदार सोडून एका पेटीनिशी आलेल्या माणसाने आपले गमावलेले गाव असे उंचावून धरावे यात हसण्यासारखे काही नाही. पण या अभिमानात जे पहिल्याने सांगितले जाते ते काय? तर गटारे. विटांनी बांधलेली, वरून झाकलेली, घराघरांतून रस्त्यावर येणारी गटारे. शालेय पुस्तकांतही तेच. १ : २ : ४ या प्रमाणातल्या भाजक्या विटा, बारा मीटर लांब आणि सात मीटर रुंद असे महास्नानगृह, शेकडो विहिरी, आणि गटारे. सबंध प्राचीन जगात अशी व्यवस्था नव्हती हे खरेच आहे. मेसोपोटेमियातील आणि इजिप्तमधील राजांनी देवळे आणि थडगी उभारली; सिंधूकाठच्या लोकांनी सांडपाण्याचा विचार केला. याचा गौरव करावा. मात्र हा गौरव ऐकताना आपल्यातल्या कुणाच्या तरी मनात आलेच पाहिजे की गटार बांधल्यावर ते उपसावेही लागते.

याचा पुरावाही आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. १९२७ ते १९३१ या काळात मोहेंजोदडो खोदणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांनी नोंदवून ठेवले आहे की गटारांच्या कडेला बहुतांशी रेतीचे लहान लहान ढीग पुष्कळदा आढळले. गटार साफ केल्यावर काढलेला गाळ दर वेळी उचलून नेला जात नसावा, असा त्याचा अर्थ. एवढीच नोंद. चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ओणवे होऊन गाळ काढला, बाजूला टाकला आणि तो तिथेच राहिला. ज्यांनी नगर चालवले त्यांच्यापैकी या माणसाची ही एवढीच खूण. त्याची जात होती काय? ते काम जन्माने त्याच्या वाट्याला आले होते काय? ढीग यातले काहीच सांगत नाही, आणि आपणही त्याच्याकडून ते वदवून घेऊ नये. घरोघरचे लोक आळीपाळीने गटार काढत असतील, मजुरी देऊन काढून घेत असतील, गुलाम असतील. परंतु नगररचनेची स्तुती करणाऱ्या शंभर वर्षांच्या लेखनात हा प्रश्न विचारण्याची गरज इतक्या थोड्यांना वाटावी, हे मात्र आपण नोंदवून ठेवले पाहिजे.

सापडलेल्या वस्तूंना नावे कुणी दिली, हेही समीक्षकाने पाहण्यासारखे आहे. जॉन मार्शल यांनी १९२४ साली या संस्कृतीची वार्ता जगाला दिली. मग दाढीवाल्या छोट्या मूर्तीला 'पुरोहित-राजा' म्हटले गेले आणि जेमतेम साडेदहा सेंटिमीटरच्या ब्राँझच्या मुलीला 'नर्तकी'. पुढे मॉर्टिमर व्हीलर आले. सैन्यातला अधिकारी माणूस. त्यांना हडप्पात 'बालेकिल्ला' दिसला, 'धान्यकोठार' दिसले आणि शेजारच्या लहान घरांच्या रांगांत 'कुली लाइन' दिसली. १९४६ च्या ब्रिटिश हिंदुस्थानात साहेबाच्या बंगल्यामागे जे होते तेच त्यांना मातीखाली सापडले! धान्यकोठारात धान्याचा एक दाणा मिळालेला नाही, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. आता तर वारे उलट दिशेने वाहते आहे. राजवाडा नाही, राजाचे थडगे नाही, म्हणून सिंधू नगरे समतेची होती असे प्रतिपादन अॅडम ग्रीन यांच्यासारखे अभ्यासक करू लागले आहेत. हे ऐकायला बरे वाटते. पण राजा नसला म्हणजे शोषण नव्हते असे मानण्याचा भोळेपणा ज्याने गाव पाहिले आहे तो करणार नाही. आपल्या गावगाड्यात राजा दिल्लीला नाही तर साताऱ्याला असे. माणसाचे जिणे चावडीवर ठरे. दामोदर कोसंबींनी १९५६ सालीच सुचवले होते की सिंधू नगरांतील शस्त्रे दुबळी दिसतात, तेव्हा जादा धान्य तलवारीने नव्हे, धर्माच्या धाकाने गोळा केले जात असावे. त्यांचे म्हणणे सिद्ध झाले असे नाही. पण प्रश्न विचारण्याची ही रीत आपली आहे.

याच व्हीलर यांनी १९४७ साली मोहेंजोदडोतील इतस्ततः पडलेल्या सांगाड्यांवरून इंद्रावर हत्याकांडाचा आरोप ठेवला. हा आरोप आपल्या भाषणांत, गाण्यांत, पत्रकांत इतका भिनला की तो कुणा इंग्रज ब्रिगेडियरचा आहे हेच आपण विसरलो. १९६४ साली जॉर्ज डेल्स यांनी ते सांगाडे वेगवेगळ्या काळातले असल्याचे आणि हत्याकांडाची गोष्ट पुराव्यावर टिकत नसल्याचे दाखवले. साठ वर्षे झाली. आर्यांनी नगरे जाळली, नगरवासी दास झाले, दासांचे अस्पृश्य झाले, ही साखळी मात्र आपल्या व्यासपीठांवर अजून तशीच सांगितली जाते. समोरच्या बाजूची साखळी याहून हास्यास्पद आहे : नगरेही वैदिकांची, वेदही नगरांचे, बाहेरून कुणी आलेच नाही. डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली राखीगढीच्या एका स्त्रीच्या हाडातील जनुकीय द्रव्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या स्त्रीत गवताळ स्टेपी प्रदेशातील पशुपालकांचा अंश आढळला नाही. याचाच आधार घेऊन वर्तमानपत्रांनी 'आर्य आलेच नाहीत' असे मथळे दिले. त्याच वेळी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या, मोठ्या अभ्यासाने सांगितले की तो अंश इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात या देशात आला आणि पुरोहित म्हणवणाऱ्या गटांत तो तुलनेने अधिक आढळतो. म्हणजे लोक आले. नगरे ओस पडू लागल्यानंतर आले. आणि येथल्यांत मिसळले. आज ज्याच्या नसांत ते मिश्रण नाही असे गट या देशात अगदी थोडे. शुद्ध मूलनिवासी हा प्राणी शुद्ध आर्यासारखाच पुस्तकी आहे.

हे म्हणणे आपल्यातल्या काहींना टोचेल याची कल्पना आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त आर्यभटांच्या आक्रमणाची मांडणी केली ती पेशवाईच्या राखेवर उभे राहून. शूद्रातिशूद्रांना ताठ उभे करण्यासाठी तिचे सामर्थ्य अपार होते. पण बाबासाहेबांनी १९४६ साली 'हू वेअर द शूद्राज' लिहिला, तो फुल्यांनाच अर्पण केला, आणि त्याच ग्रंथात आर्यवंशाच्या आक्रमणाचा सिद्धान्त नाकारला. गुरूला वंदन करून गुरूच्या सिद्धान्ताशी मतभेद नोंदवण्याचे यापेक्षा सुंदर उदाहरण मराठी मुलखाच्या वैचारिक इतिहासात मला तरी आठवत नाही. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये त्यांनी घुर्ये यांनी दिलेली नाकाची मोजमापे घेऊन दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्यात वंशभेद नाही. मोजमापाचे ते शास्त्र आज कुणी मानत नाही, हा भाग वेगळा. महत्त्वाचे आहे ते हे की वंशाचा दरवाजा बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने बंद केला. त्यांच्या अनुयायांनी तो पुन्हा उघडून आत शिरण्याचे कारण काय?

मग त्या ग्रंथात त्यांनी काय केले? आद्य समाज हा भटक्या टोळ्यांचा, गुरे हीच त्यांची संपत्ती. त्यातल्या काही टोळ्या शेतीला लागून एका जागी बसल्या. बसलेल्याजवळ धान्य आणि गुरे, भटक्याजवळ भाला. लढायांत हरलेल्या टोळ्यांचे तुकडे झाले आणि ही तुटलेली, वाताहत झालेली माणसे आसऱ्याला हिंडू लागली. बसलेल्यांना राखण हवी होती, वाताहत झालेल्यांना अन्न आणि आसरा. यांतून एक करार झाला. मात्र रक्ताच्या नात्याची टोळी परक्याला आत घेत नाही, आणि राखणदाराने वेशीवर असणे सोयीचेही होते. म्हणून त्यांना वस्तीबाहेर जागा मिळाली. अन्त्यज म्हणजे सृष्टीच्या अंती जन्मलेला नव्हे, गावाच्या अंती राहणारा. ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे की पुराव्याची साखळी जेथे तुटते तेथे अनुमानाने आणि कल्पनेने सांधा जोडावा लागला. एवढा प्रामाणिकपणा या विषयावरच्या लेखनात दुर्मीळ आहे.

पण ग्रंथाचा खरा कणा पुढच्या प्रकरणांत आहे आणि वर्गांत तोच वगळला जातो. बाबासाहेब आयर्लंड आणि वेल्सची उदाहरणे देतात. तिथेही वाताहत झालेली माणसे होती; आयर्लंडमध्ये त्यांना फ्युइधिर म्हणत, वेल्समध्ये अल्टुड. तीही वस्तीबाहेर राहत, परकी मानली जात. काळाच्या ओघात रक्ताच्या नात्याऐवजी एका भूमीवरचे वास्तव्य हे समाजाचे सूत्र झाले आणि ती मिसळून गेली. वेगळी वस्ती उरली नाही. मग इथे ती का उरली? सगळा ग्रंथ या प्रश्नावर उभा आहे. बाहेर राहणे जगात सगळीकडे होते. बाहेरच राहणे फक्त इथे झाले. त्याचे उत्तर त्यांनी बौद्धांविषयीच्या द्वेषात आणि गोमांसाच्या प्रश्नात शोधले आणि अस्पृश्यतेचा जन्म इसवी सन ४०० च्या आसपास ठेवला. हे उत्तर वादाचे विषय होऊ शकते, झालेही आहे. शरद पाटलांनी 'दास-शूद्रांची गुलामगिरी' लिहिताना पाणिनीच्या शब्दांतून वेगळी वाट खोदली. स्त्रीसत्ताक गण आणि निर्ऋती यांच्यापाशी जाऊन ते पोहोचले, आणि त्यांचा बाबासाहेबांशी वाद मुळातून वाचण्यासारखा आहे. पण उत्तर बदलले तरी प्रश्न बदलत नाही. तो 'आपण कोण' असा नाही. तो 'आत का घेतले नाही' असा आहे.

आता इनामगावकडे वळू. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या या गावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी, म. के. धवलीकर यांची नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. तपशीलवार अहवाल १९८८ साली निघाला. नगरांचा झगमगाट इथे नाही. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊशे वर्षांतले हे साधे शेतकऱ्यांचे गाव. सव्वाशेच्या वर घरे उघडी झाली. आपल्या महाराष्ट्राच्या गावाचा हा सर्वांत चांगला अभ्यासलेला पूर्वज. आणि आपल्या वर्गांत त्याचे नाव क्वचितच येते. मोहेंजोदडो जवळचा वाटतो, शिरूर दूरचे!

इनामगावात काय दिसते? मधल्या काळात, म्हणजे जोर्वे संस्कृतीच्या भरात, पाच खोल्यांचे एक मोठे घर आहे आणि त्याला लागून धान्याचे कोठार. धवलीकरांनी याला गावप्रमुखाचे घर मानले. गावकऱ्यांकडून करादाखल आलेले धान्य तिथे जमा होत असावे. नदीच्या पाण्यासाठी बांध आणि पाट आहे. बांध एका कुटुंबाने बांधला जात नाही, त्यासाठी माणसे राबवावी लागतात. घरांची मांडणी तर फारच बोलकी आहे. गावाच्या मध्यभागी सधन शेतकऱ्यांची घरे, आणि कुंभार, सोनार, चुना भाजणारा, हस्तिदंताचे काम करणारा अशा कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला. हे वाचताच आपल्या माणसाच्या तोंडून 'गावकुसाबाहेर!' असे निघून जाते. पण जरा थांबावे. कडेला म्हणजे बाहेर नव्हे. भट्टीचा धूर आणि आगीचे भय यांमुळेही कारागीर कडेला बसवले जातात. सोनाराला पुढे कुणी अस्पृश्य मानले नाही आणि कुंभार गावातच राहिला. तेव्हा इनामगावात जात सापडली असे म्हणता येत नाही. सापडले ते हे की जादा धान्य एकाच्या दारी जमा होऊ लागले आणि कुणी कुठे राहावे याचा काही नियम बसू लागला. जातीला पुढे ज्या जमिनीवर घर बांधावयाचे होते ती जमीन सपाट केली जात होती, असे फार तर म्हणू.

मरणातही फरक आहे. इनामगावचे लोक मृत प्रौढाला घरातच, जमिनीखाली उत्तर-दक्षिण पुरत आणि घोट्याखालचे पाय तोडून पुरत. मेलेला चालत निघून जाऊ नये, घराशीच राहावा, हा त्यामागचा समज असावा असे संशोधक म्हणतात. परंतु त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवलेला एक पुरुष सापडला, आणि त्याचे पाय शाबूत आहेत. इतरांचे पाय कापले, त्याचे नाही. आपल्या कवितेतील प्रतिमांना सरावलेल्या वाचकाला यावर आणखी भाष्य नको. शिरविहीन मातृमूर्ती आणि तिचा बैल मातीच्या पेटीसह पुरलेले इथेच सापडले. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पण बाबासाहेबांच्या सिद्धान्ताच्या दृष्टीने इनामगावचा शेवट अधिक महत्त्वाचा. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊस ओसरत गेला, असे धवलीकरांचे निदान. मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती घटली, शिकार वाढली, माणसे शेळ्यामेंढ्यांमागे हिंडू लागली असावीत. शेवटच्या काळातील तान्ह्या मुलांची हाडे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी तपासली, तेव्हा त्यांची वाढ खुंटलेली दिसली. सुमारे ७०० मध्ये गाव ओस पडले. म्हणजे भटके आधी आणि बसलेले नंतर, असा एकाच दिशेचा जिना इथे नाही. नऊशे वर्षे बसलेला शेतकरी उठून पुन्हा भटका झाला. वाताहत लढाईने होते तशी दुष्काळानेही होते. बाबासाहेबांच्या ग्रंथात हरलेल्या टोळ्या आहेत. महाराष्ट्राच्या जमिनीने त्यांच्या शेजारी उपाशी गाव आणून ठेवले आहे. सिद्धान्त यामुळे खोटा ठरत नाही, रुंद होतो.

वस्तीबाहेरच्या जागेचाही एक जुना पुरावा आता पुढे आला आहे, तोही हडप्पातून. नगराच्या तटाबाहेर आग्नेयेला हाडांचा एक साठा आहे. रॉबिन्स शुग आणि सहकाऱ्यांनी २०१२ आणि २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांनुसार, हडप्पातील सर्व दफनस्थानांत मारहाणीच्या इजा आणि संसर्गजन्य रोगांच्या खुणा येथे सर्वाधिक आढळतात, कुष्ठरोगाच्याही. काळ नगराच्या पडझडीचा. संकट आले तेव्हा ते सर्वांवर सारखे आले नाही. काहींना तटाबाहेर ठेवले गेले आणि मार त्यांनाच अधिक बसला. समतेच्या नगराची कल्पना मांडणाऱ्यांनी या हाडांचा हिशेब द्यावा लागेल. आणि आपणही ही माणसे आपले पूर्वज होती असे घाईने लिहू नये. ही संपूर्ण वेगळी माणसे असतील. त्यांचे वंशज असतील किंवा नसतीलही. त्यांच्याशी नाते सांगायला रक्त कशाला लागते?

'जिना' हा शब्द वर आला. रानटी, मग असंस्कृत, मग सुसंस्कृत ही मॉर्गनची १८७७ सालची उतरंड आपल्या पाठ्यपुस्तकांनी आणि मार्क्सवादी शिबिरांनी सारख्याच श्रद्धेने पाठ केली. तिचा एक दुष्परिणाम बदलापूरच्या आसपास रोज दिसतो. कातकऱ्यांना सरकारी दफ्तरात 'आदिम' म्हणतात आणि शाळेतला मास्तर अश्मयुगाचा धडा शिकवताना खिडकीतून त्यांच्या वाडीकडे बोट दाखवतो. हेच कातकरी पावसाळा संपला की ठाणे-रायगडच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबासह कामाला जातात. मोहेंजोदडोच्या विटेचे प्रमाण पाठ करणाऱ्या मुलाच्या घराची वीट त्यांनी थापलेली असते. तो माणूस जिन्याच्या खालच्या पायरीवर नाही, आपल्याच इमारतीच्या पायात आहे.

अंबरनाथचेही तेच. शिलाहारांचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चे. शिलालेखात राजा मम्मुणीचे नाव आहे. आणि लोक काय सांगतात? पांडवांनी एका रात्रीत बांधले. काळा पाषाण फोडणारे, वाहणारे, घडवणारे हात शिलालेखाने गाळले आणि दंतकथेनेही गाळले. मंदिराला वळसा घालून जाणारी वालधुनी पुढे उल्हासनगरातून वाहत जाते. रसायनांचे आणि जीन्स धुण्याचे रंगीत पाणी तिने वर्षानुवर्षे वाहिले. तिचा नाला झाला असे सगळे म्हणतात. तिच्या काठावरच कोण राहतो, हे विचारले तर गप्प होतात.

या सगळ्यातून पुन्हा बाबासाहेबांच्या प्रश्नाकडे आलो की उल्हासनगरसारखे दुसरे शहर नाही. १९४७ साली सिंधमधून वाताहत झालेली माणसे आली. त्यांनी अपार हाल सोसले, बराकींत गोणपाटाच्या भिंती करून संसार केले आणि कष्टाने शहर उभे केले. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून, नगर-सोलापुराकडून दुसरी माणसे उठली. कारखान्यांच्या आशेने कल्याण-अंबरनाथकडे आली आणि टेकड्यांच्या उतारावर, रेल्वेच्या कडेला राहिली. दोघेही इथे परकेच. एकाला शासनाने निर्वासित म्हटले, दुसऱ्याला झोपडपट्टीवाला. एक दोन पिढ्यांत नगरीचा मालक झाला, दुसऱ्याची वस्ती अजून 'वस्ती'च आहे. दोष त्या सिंधी माणसाच्या माथी मारणे हा आळस होईल. फ्युइधिर आयर्लंडमध्ये मिसळला तसा निर्वासित इथे मिसळला. जो मिसळू शकला नाही त्याला काय आड आले, हे शोधण्यासाठी हडप्पापर्यंत खोदण्याची गरज नाही. २०१६ साली पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील संस्थेच्या संशोधकांनी जनुकांवरून काढलेला हिशेब असा की उच्च म्हणवणाऱ्या काही गटांतील बाहेरचे लग्नसंबंध सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी, गुप्तकाळाच्या आसपास, एकाएकी थांबले. बाबासाहेबांच्या ४०० या सनाशी हा काळ जुळतो म्हणून टाळ्या पिटू नयेत. लग्नबंदी आणि अस्पृश्यता या एक नव्हेत. पण दारे केव्हातरी लावली गेली आणि ती माणसांनी लावली, एवढे त्यातून निश्चित होते.

आणि तिसरी माणसे आलीच नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून हिंदू निघू लागले तेव्हा कराचीतील सफाई कामगारांना पाकिस्तान सरकारने अत्यावश्यक सेवेत धरून अडवले. भारताचे तिथले पहिले उच्चायुक्त श्रीप्रकाश यांनी आठवणींत लिहिले आहे की त्यांनी पंतप्रधान लियाकत अलींकडे हा विषय काढला, तेव्हा हे गेले तर कराचीचे रस्ते आणि संडास कोण साफ करणार, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये पत्रक काढून पाकिस्तानातील अस्पृश्यांना भारतात येण्याचे आवाहन केले आणि १८ डिसेंबर १९४७ रोजी पंतप्रधान नेहरूंना या अडवणुकीविषयी पत्र लिहिले. वाताहत झालेल्या माणसांवरचा त्यांचा ग्रंथ त्यानंतरच्या वर्षी छापून आला. सिंधच्या भूमीतील जगप्रसिद्ध गटारे आणि सिंधच्या राजधानीत गटारासाठी रोखून धरलेली माणसे, यांच्यामध्ये चार हजार वर्षे आहेत. ती कुठल्याही एका धाग्याने ओवता येत नाहीत आणि ओवू नयेत. पण छावणीचे नगर झाले तेव्हा इथल्या बराकींची गटारे काढायला कोण आले, कुठून आले, त्यांना राहायला जागा कुठे दिली गेली, हे चार हजार वर्षांपूर्वीचे नाही. जुने हजेरीपट कुठे ना कुठे असतील, त्या पिढीतले काही वृद्ध अजून बोलू शकतात. उल्हासनगर-अंबरनाथच्या महाविद्यालयांतील आपल्या विद्यार्थ्यांनी पुढच्या सुट्टीत वही घेऊन तिथे जावे.